बाळाची रात्रीची पिशवी



आज शिवणकामाचा विषय आहे, म्हणून आधीच सांगते, हाताशी कागद-पेन्सिल घेऊन बसा. मापं मी दोनदा सांगणार आहे, तेव्हा घाई करू नका.

बाळाला रात्री झोपताना घालायची पिशवी घरच्या घरी कशी शिवायची, ते आज पाहू. दुकानात हिला स्लीप सॅक म्हणतात. नाव परकं असलं तरी वस्तू अगदी साधी आहे. वरचा भाग बिनबाह्यांच्या झबल्यासारखा आणि खालचा भाग उशीच्या अभ्र्यासारखा, तळाशी बंद. बाळाचे हात बाहेर राहतात, पाय आत मोकळे राहतात. म्हणजे पांघरूण अंगावर टाकायचं नाही, अंगात घालायचं. आपण तिला पिशवी-झबलं म्हणू या.

दुपटं असताना ही पिशवी कशाला?

हा प्रश्न घरातल्या आजी सर्वांत आधी विचारतील, आणि तो रास्तच आहे. आपल्याकडे बाळाच्या कपड्यांची काही कमी नाही. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची, आणि आजीच्या लुगड्याची मऊसूत गोधडी. बाळंतविड्यात हे सगळं येतंच. दुपट्यात गुंडाळलेलं पहिल्या दीड-दोन महिन्यांचं बाळ शांत झोपतं, हेही खरं.

पण दुपटं दिवसाचं आणि नजरेसमोरचं. तीन-चार महिन्यांचं बाळ पाय झाडायला लागलं की अर्ध्या तासात दुपटं सुटतं. सुटलेलं कापड नेहमी खालीच जाईल असं नाही. हातापायांच्या झटक्यांनी ते वर सरकतं आणि तोंडावर येतं. मोठं माणूस झोपेतही हाताने पांघरूण बाजूला करतं. एवढ्याशा बाळाला ते जमत नाही. गोधडी तर वजनदार असते, ती एकदा नाकातोंडावर आली की बाळाच्या ताकदीबाहेरची. म्हणूनच आई रात्रीतून चार-चार वेळा उठून चाचपत असते. थंडीने पांघरूण उघडं पडलं की काय, आणि तोंडावर आलं की काय, या दोन्ही काळज्या एकाच वेळी.

झोपेत अचानक दगावणाऱ्या तान्ह्या बाळांचा जगभर अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये सांगितलं, की बाळाला पालथं झोपवू नका. 1994 पासून तिथे बाळाला उताणं झोपवण्याची मोठी मोहीम सुरू झाली. पुढच्या दहाएक वर्षांत तिथे असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. नंतर त्याच तज्ज्ञांनी आणखी एक गोष्ट जोडली. बाळाच्या अंथरुणात सुटं पांघरूण, उशी, लोड, मऊ खेळणी काही ठेवू नका, ऊब हवी असेल तर ती अंगात घालायच्या कपड्यातून द्या. पिशवी-झबलं या विचाराला धरूनच आहे.

आपल्याकडे बाळ बहुतेक घरांत आईच्या शेजारीच झोपतं. तिथे तर या पिशवीचा उपयोग जास्तच. बाळाची ऊब बाळाच्या अंगात असली, की आईची चादर आईपुरती राहते, ती ओढून बाळावर घालावी लागत नाही.

दुसरं कारण बाळाच्या खुब्यांचं. बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट बांधले, तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. जपानमध्ये बाळांचे पाय सरळ राहतील असे लंगोट आणि गुंडाळणं रूढ होतं. 1975 च्या सुमारास तिथल्या अस्थितज्ज्ञांनी ही पद्धत सोडण्यासाठी घरोघरी समजावलं, आणि जन्मानंतर खुबा सरकण्याचं प्रमाण फार खाली आलं. बाळाचे पाय बेडकासारखे, गुडघ्यात वाकून बाजूला पडलेले असावेत, हेच त्यांचं नैसर्गिक बसणं. म्हणून आपली पिशवी खाली घेरदार हवी.

पुण्याची थंडी किती?

शिवाजीनगरच्या वेधशाळेला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण हवामान खात्याचं मुख्य कार्यालय 1928 मध्ये सिमल्याहून इथे आलं. त्या वेधशाळेच्या नोंदीत 17 जानेवारी 1935 ला पारा 1.7 अंशांपर्यंत उतरला होता. तशी थंडी काही दर वर्षी पडत नाही. पण जानेवारीतली पहाट दहा-अकरा अंशांची असते, आणि पाषाणकडे किंवा एनडीएच्या बाजूला शहराच्या मध्यापेक्षा जास्तच गारठा असतो. त्याच पुण्यात मे महिन्यात रात्री पंख्याखालीही घाम येतो.

तेव्हा एकाच जाडीची पिशवी वर्षभर चालणार नाही. आणि बाहेरचा पारा पाहून कपडे घालू नका, ज्या खोलीत बाळ झोपतं तिथला पाहा. पेठेतल्या जुन्या वाड्याची खोली आणि सिमेंटच्या इमारतीतला मधल्या मजल्यावरचा फ्लॅट यांत चांगलाच फरक पडतो. भिंतीवर लावायचा साधा तापमापक मिळतो, तो जरूर घ्या.

खोलीत 24 अंशांच्या वर असेल तर मलमलीची एकेरी पिशवी पुरे. 20 ते 24 असेल तर दुहेरी सुती. 20 च्या खाली गेलं तर दुहेरी सुती कापडात मध्ये फ्लॅनेलचा एक थर, आणि आत लांब बाह्यांचं झबलं. कापूस किंवा पॉलिस्टरचं भरण घालू नका, आणि वजन देण्यासाठी पिशवीत काहीही भरू नका. बाळाला थंडीइतकाच उकाडाही बाधतो.

कापड कोणतं?

अंगाला जुनं कापड घ्या. वापरून धुऊन मऊ झालेली सुती साडी किंवा लुगडं यासारखं दुसरं काही नाही. मात्र लुगड्याचा जो भाग बसण्या-उठण्यात विरतो तो सोडा. कापड उजेडासमोर धरा, दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. दोरे सरकलेले दिसले तर तो भाग नको. जरीचा काठ काढून टाका, तो बाळाच्या त्वचेला टोचतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. जुनी लुगडी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली असतात. या गोळ्यांमधलं नॅफ्थलीन काही बाळांना फार घातक ठरतं. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक द्रव्य जन्मतः कमी असतं, त्या बाळांच्या लाल पेशी यामुळे फुटतात आणि तीव्र कावीळ होते. बाळाला हा दोष आहे की नाही, हे वरून कळत नाही. म्हणून गोळ्यांमध्ये ठेवलेलं लुगडं या कामासाठी घेऊच नका. रोजच्या वापरातली, कपाटातली सुती साडी घ्या, गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा आणि मग कात्री लावा. शिवलेली पिशवी ठेवताना, आणि बाळाच्या बाकीच्या कपड्यांतही, या गोळ्या कधीच टाकू नका.

आणि एक नियम लक्षात ठेवा: अंगाला जुनं कापड, गळ्याला नवं. जुनं कापड धुण्यात सैल होत जातं, आणि या कपड्यात सगळ्यांत मोलाची जागा गळ्याची आहे. गळा मोठा झाला, की बाळ पिशवीत खाली सरकतं आणि तोंड कापडात जातं. मग सुट्या दुपट्यात आणि या पिशवीत काही फरक उरला नाही. म्हणून गळ्याच्या आणि मुंढ्याच्या पट्टीसाठी नवा पांढरा मांजरपाट घ्या, पण तोही आधी धुऊन आटवून घ्या. नवं कापड आणि चेन हवी असेल तर रविवार पेठेत कापडगंज आणि बोहरी आळी आहेतच.

साहित्य असं: 36 इंच पन्ह्याचं पाऊण मीटर कापड, दुहेरी करायची असेल तर अस्तरासाठी आणखी तेवढंच. हाताएवढा मांजरपाटाचा तुकडा. 16 इंची नायलॉनची चेन, धातूची नको. सुती दोरा.

नाडी आणि बंद मुळीच नकोत. आपल्या झबल्याला आणि कुंचीला बंद असतात, ते दिवसा आपल्या हातात बाळ असताना ठीक. रात्रीच्या कपड्याला लोंबणारी दोरी नको, ती गळ्याभोवती किंवा बोटाभोवती अडकते. तसंच मणी, फुलं, मोती, शोभेची बटणं नकोत. सुटलेलं बटण आधी बाळाच्या तोंडात जातं.

माप आणि कागद

आधी बाळाची डोक्यापासून टाचेपर्यंत उंची घ्या. त्यातून डोक्याची उंची वजा करा. मग पाय हलवायला चार इंच मिळवा. ही पिशवीची लांबी. समजा बाळ 24 इंच आहे, डोकं 6 इंच. 24 वजा 6, 18. अधिक 4, म्हणजे 22 इंच. साधारण तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला हे माप येतं. वर्षभर पुरेल म्हणून मोठी शिवायचा मोह टाळा. बाळाच्या बाकीच्या कपड्यांना वाढतं माप चालतं, याला नाही.

आता वर्तमानपत्राच्या कागदावर पाव भागाचा आकार काढू.

एक उभी रेघ काढा, 22 इंचांची. ही मधली रेघ. तिच्या वरच्या टोकापासून आडवं पावणेदोन इंच मोजा, ही गळ्याची रुंदी. गळ्याची खोली पुढच्या भागाला 2 इंच, पाठीला पाऊण इंच. दोन्ही गोलाई काढा. गळ्याच्या टोकापासून बाहेर 2 इंच खांदा, आणि खांद्याचं टोक अर्धा इंच खाली. वरून 4 इंच खाली या, तिथे मधल्या रेघेपासून सव्वापाच इंचांवर खूण करा, ही छाती. खांद्याच्या टोकापासून या खुणेपर्यंत मुंढ्याची गोलाई. सगळ्यात खाली, 22 इंचांवर, मधल्या रेघेपासून 8 इंच, हा घेर. छाती आणि घेर सरळ रेघेने जोडा. खालचा कोपरा गोल करा.

पुन्हा सांगते. लांबी 22. गळ्याची रुंदी पावणेदोन, खोली पुढे 2, मागे पाऊण. खांदा 2, उतार अर्धा. मुंढा 4. छाती सव्वापाच. घेर 8. सगळे इंच.

या मापाने गळ्याचा पूर्ण घेर 10 इंच होतो. तुमच्या बाळाच्या गळ्याभोवती टेप धरून बघा. बाळाच्या गळ्यापेक्षा एक इंच जास्त, एवढंच हवं. कमी-जास्त वाटलं तर कागदावरच रुंदी बदला, कापडावर नको.

कापताना खांदा, बाजू आणि तळ यांना अर्धा इंच माया ठेवा. गळ्याला आणि मुंढ्याला माया नको, कारण तिथे पट्टी बसणार आहे. पाठ घडीवर एकसंध कापा. पुढचा भाग दोन तुकड्यांत, मधल्या रेघेला चेनसाठी अर्धा इंच माया ठेवून. 36 इंच पन्ह्यात पाठ आणि पुढचे दोन्ही तुकडे शेजारी शेजारी बसतात.

शिवण

मशीन असेल तर दुपारभराचं काम. हाताने शिवणार असाल तर दोन-तीन दिवस धरा, पण पिशवी तितकीच पक्की होते. हाताने शिवताना जोडाला उलटी टीप घाला, नुसता धावदोरा जोडाला नको.

पहिली पायरी, थर एकत्र करायची. अस्तर असेल तर ते कापडाच्या उलट्या बाजूला लावून, गोधडीला घालतो तसा धावदोरा दोन-दोन इंचांवर घाला. टाका तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठा नको, कारण मोठ्या टाक्यात बाळाच्या पायाचं बोट अडकतं.

दुसरी पायरी, चेन. पुढच्या दोन्ही तुकड्यांची मधली माया आत दुमडा, चेन खाली ठेवा आणि दोन्ही बाजूंनी टीप मारा. चेन गळ्यापासून सुरू होते. चेन जिथे संपते, तिथून तळापर्यंत दोन्ही तुकडे जोडून टाका. आता आतल्या बाजूने दीड-दोन इंच रुंदीची मऊ पट्टी चेनच्या मागे तळापर्यंत लावा. तिची एकच बाजू शिवा, दुसरी मोकळी ठेवा, म्हणजे चेन उघडता येईल आणि बाळाच्या पोटाला लागणारही नाही. पट्टीचं वरचं टोक थोडं जास्त ठेवून चेनच्या डोक्यावर टोपीसारखं दुमडून शिवा, म्हणजे हनुवटीला ओरखडा येणार नाही.

तिसरी पायरी, खांदे, बाजू आणि तळ. इथे बंद शिवण घाला. आधी कापडाच्या सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर टीप. मग उलटून आतून पुन्हा पाव इंचावर टीप. कापलेली कड दोन टिपांच्या मध्ये कैद होते. फ्लॅनेल घातलेल्या जाड पिशवीला बंद शिवण फुगते, तिथे कडेवर मांजरपाटाची पट्टी चढवा. हे काम चुकवू नका. सुटलेला दोरा पायाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला, तर रक्त अडतं आणि बोट सुजतं. बाळ रडतं, आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण पाय पिशवीत असतात.

चौथी आणि शेवटची पायरी, पट्टी. मांजरपाटाच्या सव्वा इंच रुंदीच्या तिरक्या पट्ट्या कापा आणि गळा व मुंढे बांधून घ्या. गळ्याची पट्टी चेनपाशी दोन्ही बाजूंना आत दुमडून संपवा. पट्टी शिवताना गळा ताणू नका. शेवटी पिशवी उलटी करून दिव्याखाली धरा आणि सगळे सुटे दोरे कापा.

घालण्याआधी तपासा

बाळाला पिशवी घाला, चेन लावा. गळ्यात तुमचं एक बोट सहज जायला हवं. मग दोन्ही खांदे धरून हलकेच वर ओढा. गळा हनुवटीच्या वर येत असेल, तर ती पिशवी रात्री घालायची नाही. मुंढ्यातून बाळाचा हात आत जात असेल, तरीही नाही. पाय ताणल्यावर तळाला लागायला लागले, की पुढचं माप शिवायची वेळ झाली. ही तपासणी महिन्यातून एकदा करा, कारण बाळ वाढतं आणि कापड सैलावतं.

अगदी लहान, चार किलोंच्या आतल्या बाळाला हे माप घालू नका, ते आत सरकेल. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला काय आणि किती घालायचं, ते डॉक्टरांनाच विचारा. अशा बाळाला टोपडंही त्यांच्या सांगण्याप्रमाणे.

बाकीच्या बाळांना घरात झोपताना टोपडं नको. बाळाच्या अंगातली जादा उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते. शिवाय टोपडं सरकून तोंडावर येतं. बाळाला थंडी वाजते का, हे हातापायांवरून ठरवू नका, ते गार लागणारच. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवा. कोमट असेल तर ठीक. दमट, घामेजलेलं असेल तर एक थर काढा.

पिशवी घातलेलं बाळ नेहमी उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर. पिशवीवर पुन्हा गोधडी घालू नका. प्रवासात, कडेवर, गाडीतल्या पट्ट्याच्या खुर्चीत ही पिशवी नको. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी असेल तर पिशवीतलं बाळ तिच्यापासून लांब ठेवा.

दोन पिशव्या शिवा, एक अंगात आणि एक दोरीवर. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा तीन बऱ्या.

आणि आजींना सांगा, तुमची गोधडी आम्ही टाकलेली नाही. ती बाळाच्या खाली दुपारच्या खेळाला घालू, कोवळ्या उन्हात बसताना घेऊ. रात्रीपुरतं मात्र तुमच्याच साडीचं पिशवी-झबलं. कापण्याआधी साडी त्यांच्याच हातात द्या आणि कुठला भाग घ्यायचा ते त्यांना ठरवू द्या. कापड कुठे विरलं आहे आणि कुठे टिकणार आहे, हे ज्यांनी ती साडी वर्षानुवर्षं नेसली, त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

मापं एकदा तपासून घ्या, कागद जपून ठेवा. पुढचं माप काढताना तोच उपयोगी पडेल.